पहिली तपासणी नॉर्मल आली, मग दुसरी कशाला?

प्रश्न : सिस्टर, माझ्या सुनेला २६वा आठवडा चालू आहे. तिसऱ्या महिन्यात शुगर तपासली, ती नॉर्मल आली. आता आशाताई म्हणतात, ग्लुकोज प्यायला पुन्हा दवाखान्यात घेऊन या. आमच्या घरात कुणाला साखर नाही. पोटुशी बाईला एवढं गोड कशाला पाजायचं?
– एक सासूबाई, खानापूर तालुका (बेळगाव)

उत्तर : ताई, ‘पहिली नॉर्मल आली’ असं मीही म्हटलं होतं, आणि तेव्हा मी नर्सच होते. ड्यूटीच्या गडबडीत दुसरी तपासणी राहून गेली. मुलगा सव्वाचार किलोचा झाला. बघायला आलेल्या बायका म्हणाल्या, काय गुटगुटीत बाळ! दोन तासांत त्याचे हातपाय थरथरायला लागले. टाचेला सुई टोचून रक्त तपासलं, तर साखर पार उतरलेली. पोटात असताना माझी जास्तीची साखर त्याला मिळायची, ती जन्मताच थांबली; त्याचं वाढलेलं इन्सुलिन मात्र चालूच राहिलं. वेळेवर कळलं म्हणून निभावलं. तो टाचेवरचा थेंब मला अजून दिसतो.

वार (पोटात बाळाला पोसणारी, नाळेला जोडलेली) वाढते तशी तिच्यातली संप्रेरकं आईच्या इन्सुलिनचं काम अडवतात. तिसऱ्या महिन्यात हा त्रास फारसा नसतो, पुढे वाढतो. म्हणून २४ ते २८ आठवड्यांत पुन्हा बघायचं. घरात कुणाला साखर नसली तरी हे होतं.

सूनबाईला उपाशी नेऊ नका, त्याची गरज नाही. ७५ ग्रॅम ग्लुकोज ३०० मिली पाण्यात कालवून देतील, ते पाच-दहा मिनिटांत संपवायचं. मळमळतं, लिंबू पिळायचं का ते विचारा. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर तपासणी दुसऱ्या दिवशी परत करावी लागते. ग्लुकोज प्यायल्यावर दोन तास बाकावर बसून राहायचं, मग रक्तातली साखर तपासतात. मधल्या वेळात आठवडी बाजार उरकून येणाऱ्या, येताना भजी खाणाऱ्या बायका मी पाहिल्यात. त्या आकड्याला अर्थ राहत नाही. तुम्हीच तिच्याशेजारी बसा.

साखर १४० किंवा जास्त आली तर घाबरू नका. आधी दोन आठवडे खाण्यावर भर देतात : भात कमी, जोंधळ्याची भाकरी, उसळ, पालेभाजी, थोडं थोडं चार-पाच वेळा. डोहाळजेवणातली पुरणपोळी मात्र मागे ठेवा. बऱ्याच जणींची साखर एवढ्यावर आटोक्यात येते. नाही आली तर डॉक्टर गोळी किंवा इन्सुलिन देतात. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी पुन्हा तपासायचंच.

तायी कार्ड (गरोदर बाईच्या तपासण्यांची नोंद असलेलं सरकारी कार्ड) कन्नडात असतं. सूनबाईला वाचता येत नसेल तर आशाताईंकडून आकडा मोठ्याने वाचून घ्या आणि शेजारी मराठीत लिहून ठेवा. या आठवड्यातच जा.