उस्तेद आधी, तू नंतर (आणि माझ्या वाया गेलेल्या अर्जाची गोष्ट)

तुमचं पत्र मिळालं. स्पॅनिशच्या वहीत 'खाऊ नको' म्हणून तुम्ही 'नो कोमे' लिहिलंत, क्लासच्या बाईंनी लाल शाईनं 'नो कोमास' केलं आणि कारण काही सांगितलं नाही. त्यात शेवटी विचारलंयत, 'सप्टेंबरमध्ये स्पेनला जायचंय, तिथे म्हणे उस्तेद (एका माणसासाठीचं मानाचं 'तुम्ही') कुणी वापरत नाही, मग ती रूपं सोडली तर चालेल का?' हा दुसरा प्रश्न वाचला आणि राहवलं नाही. पुण्यात असताना मलाही क्लासमध्ये हेच सांगितलं होतं. मी ऐकलं, आणि मग भोगलं.

आधीच सांगते, मी शिक्षिका नाही. नवऱ्याच्या नोकरीपायी स्पेनमध्ये सहा वर्षं काढली, तेवढंच भांडवल. परीक्षेसाठी बाई सांगतील ते प्रमाण माना.

तूला द्यायच्या साध्या आज्ञा, म्हणजे 'आब्ला' (बोल), 'कोमे' (खा) आणि ती आठ आडमुठी रूपं (वेन, पोन, साल, तेन वगैरे) तुम्हाला येतात असं धरते. राहिला नकार. आता आपण तरी 'खा नको' म्हणतो का? 'खाऊ नको' म्हणतो. 'नको' आलं की आपलंही क्रियापद रूप बदलतं, तेव्हा मराठी माणसानं याला घाबरायचं कारण नाही. 'कोमास' येतं ते उस्तेदच्या आज्ञेतून. 'मी खातो' म्हणजे 'कोमो'. त्यातला ओ काढून आ लावला की 'कोमा', म्हणजे उस्तेदला 'खा'. त्याला स जोडला की तूचा नकार, 'नो कोमास'. ज्यांचं मूळ रूप 'आर'नं संपतं त्या क्रियापदांत आ-ऐवजी ए: आब्लो (मी बोलतो), आब्ले, नो आब्लेस. मीचं रूप वाकडं असेल तर वाकडेपणा सोबत येतो: दीगो (मी सांगतो), दीगा, नो दीगास. ज्यांचं मीचं रूप ओनं संपत नाही ती पाच घोकूनच टाका: सेआ, वाया, एस्ते, दे, सेपा. म्हणून माझं मत (वाद घालायचा तर घाला) असं की उस्तेदची आज्ञा आधी शिकावी. तूचा नकार तिच्या पोटात असतो. बहुतेक पुस्तकं उलटीकडून सुरुवात करतात आणि मग पोरं 'नो कोमे' लिहितात.

आता माझी गोष्ट. रहिवासी कार्डासाठी बोटांचे ठसे द्यायला एका सरकारी कार्यालयात गेले होते. कुठलं ते विचारू नका. पासपोर्ट, फोटो, ७९०-०१२ क्रमांकाच्या फॉर्मवर भरलेल्या शुल्काची पावती, सगळं फाइलमध्ये लावलेलं. काचेपलीकडच्या बाईंनी अर्ज माझ्याकडे सरकवला. मी पेन एका चौकटीवर धरून विचारलं, 'आकी?' म्हणजे इथे का? त्यांनी खालच्या चौकटीवर नख टेकवलं आणि स्क्रीनवरची नजर न काढता म्हणाल्या, 'नो फिर्मे आकी.'

मी ऐकलं, 'नो, फिर्मे आकी.' तिथे नाही, इथे सही करा. केली. झोकात केली, खाली दोन टिंबंही दिली.

त्या म्हणाल्या होत्या, इथे सही करू नका. ती चौकट कार्यालयासाठी राखीव होती.

यात व्याकरणाची मेख अशी. तूच्या रूपात हा घोटाळा होऊच शकत नाही. 'सही कर' म्हणजे 'फिर्मा', 'सही करू नकोस' म्हणजे 'नो फिर्मेस', दोन्ही रूपं कानाला वेगळी. उस्तेदमध्ये होकार आणि नकार दोन्हीकडे 'फिर्मे'च. फरक फक्त स्वल्पविरामाचा, आणि बोलताना तो म्हणजे पाव सेकंद थांबणं. क्लासमध्ये मी वर्षभर तूचीच रूपं ऐकलेली. 'नो'नंतर रूप बदलेल म्हणून कान वाट बघत होता, ते बदललं नाही, म्हणून मेंदूनं होकार धरला.

अर्ज बाद. समोरच्याच फुटपाथवर झेरॉक्सचं दुकान होतं, दहा मिनिटांत नवा भरून आणते म्हटलं. तर उत्तर, 'वुएल्वा', परत या. ('वुएल्वा उस्तेद मान्याना', उद्या या, हे स्पेनमध्ये म्हणीसारखंच झालंय. तीही उस्तेदची आज्ञाच, बघा.) उद्या कसलं! नवी अपॉइंटमेंट हवी, आणि रोज सकाळी साइट उघडली की 'तारखा उपलब्ध नाहीत'. पाच आठवडे. हातात कार्ड नसताना देशाबाहेर जाऊन परत यायचं तर वेगळा परवाना लागतो, त्याचीही अपॉइंटमेंट वेगळी. सांगलीला धाकट्या भावाचं लग्न होतं. मी ते फोनच्या स्क्रीनवर पाहिलं, सप्तपदीच्या वेळी नेमकं नेट गेलं. बाईंचं चुकलं असं म्हणणार नाही, वाक्य त्यांचं बरोबरच होतं. पण दहा मिनिटं? असो.

नंतर एक गोष्ट लक्षात आली, ती कुणी शिकवली नव्हती. वाक्यात सर्वनाम असेल तर कानाला खूण मिळते. होकारात ते मागे चिकटतं, 'फिर्मेलो'. नकारात पुढे येतं, 'नो लो फिर्मे'. त्या बाईंनी एक 'लो' टाकला असता तर मी लग्नाला गेले असते. म्हणून सर्वनामाची जागा हा धडा परीक्षेपुरता करू नका, कानानं करा.

उस्तेद कुणी वापरत नाही हे कॉलेजात आणि बारमध्ये खरं आहे. तिथे 'मे पोनेस उन काफे?' (मला एक कॉफी देतोस?) म्हणालात तरी पुरे, प्रत्येक वाक्याला 'पोर फावोर' (प्लीज) लावत बसू नका. पण खिडकीच्या पलीकडचा माणूस बहुधा उस्तेदच बोलणार: पासे (आत या), एस्पेरे (थांबा), सिएन्तेसे (बसा), रेयेने (भरा). ही चार आणि 'फिर्मे' झोपेतही कळली पाहिजेत.

आणखी एक, आपलं 'तुम्ही' मानाचंही आणि अनेकवचनीही, म्हणून आपण त्याची जोडी वोसोत्रोसशी, म्हणजे अनेकवचनी 'तुम्ही'शी लावतो. मी एका आजोबांना दार धरून वोसोत्रोसचं 'पासाद' (आत या) म्हणाले होते, ते मागे वळून बघायला लागले की अजून कोण आहे. वोसोत्रोस फक्त अनेकांना, तेही जवळच्यांना. त्याच्या रूपांचा फार ताण घेऊ नका, स्पॅनिश लोकच 'इदोस'ऐवजी (निघा) 'इरोस' म्हणत आले आणि शेवटी २०१७ मध्ये त्यांच्या भाषा-अकादमीनं तेही चालेल म्हटलं. अर्जेंटिनात तूऐवजी वोस, कोलंबियातल्या बोगोतात घरातल्या घरातही उस्तेद ऐकू येतं, पण तिकडचं मी फक्त मैत्रिणींकडून ऐकलंय.

आता कुठल्याही खिडकीवर मी आधी विचारते, 'फिर्मो ओ नो फिर्मो?' करू की नको करू? समोरचा हसतो, पण 'सी' किंवा 'नो' एवढंच म्हणतो. तोवर पेनाचं टोपण काढत नाही.