तलवारबाजीत रोख बक्षिसांच्या स्पर्धा असतात का, आणि त्यांतून खेळाचा खर्च निघतो का?

आपला प्रश्न असा आहे की, महाराष्ट्रात राज्य पातळीपर्यंत ईपी (तलवारबाजीतल्या तीन शस्त्रांपैकी एक) खेळल्यानंतर आता आपण एम.एस.साठी अमेरिकेत जात आहात आणि तिथल्या रोख बक्षिसांच्या स्पर्धा खेळून साहित्याचा व प्रवासाचा खर्च भागवता येईल का. मी अमेरिकेत अनेक वर्षे ईपी खेळतो आणि आमच्या क्लबच्या स्पर्धा भरवण्यातही माझा हातभार असतो, त्यामुळे बक्षीस घेणाऱ्याची आणि देणाऱ्याची अशा दोन्ही बाजू मला ठाऊक आहेत. अशा स्पर्धा निश्चितच असतात. मात्र त्यांच्यावर खर्चाचा हिशेब बांधू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रथम हे पैसे कोठून येतात ते पाहू. टेनिस किंवा गोल्फमध्ये बक्षिसाची रक्कम प्रक्षेपणाचे हक्क, तिकिटे आणि प्रायोजक यांच्याकडून येते. तलवारबाजीच्या स्थानिक स्पर्धेला प्रेक्षक म्हणजे खेळाडूंचे आईवडील आणि आपली बाउट (लढत) संपवून भिंतीला टेकून बसलेले इतर खेळाडू. प्रक्षेपण नसते, तिकीट नसते, आणि प्रायोजक असलाच तर तो साहित्य विकणारा दुकानदार असतो, जो रोख रकमेऐवजी स्वतःच्या दुकानात चालणारे कूपन देतो. त्यामुळे विजेत्याच्या हाती पडणारे पाकीट जवळजवळ नेहमी हरलेल्यांच्या प्रवेश शुल्कातूनच भरलेले असते.

एक काल्पनिक पण वास्तवाला धरून असलेला हिशेब मांडतो. समजा, एका शनिवारच्या खुल्या ईपी स्पर्धेला ४० जण आले आणि प्रत्येकाने ७० डॉलर भरले. म्हणजे २,८०० डॉलर जमले. त्यातून सभागृहाचे भाडे, रेफरींचे मानधन व जेवण, पदके, गुणफलकाच्या यंत्रांची देखभाल, नोंदणीचा खर्च असे सगळे वजा केल्यावर आयोजक क्लबकडे हजारभर डॉलर उरले तर दिवस चांगला गेला म्हणायचा. त्यांतील ६०० डॉलर बक्षिसांना ठेवले तर पहिल्याला ३००, दुसऱ्याला १५० आणि उपान्त्य फेरीत हरलेल्या दोघांना प्रत्येकी ७५. (तिसऱ्या क्रमांकासाठी सहसा वेगळी बाउट होत नाही, दोघांनाही कांस्य मिळते.) म्हणजे ४० जणांतून पहिल्या चारांत येऊनही तिसऱ्या क्रमांकाच्या खेळाडूला शुल्क परत आणि वर पाच डॉलर एवढीच कमाई होते. त्यासाठी तो शेजारच्या राज्यातून गाडी हाकत आला असेल आणि रात्री मोटेलमध्ये राहिला असेल, तर चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, असाच प्रकार.

मग आयोजक हे पैसे का देतात, हा खरा रंजक भाग आहे, आणि आपल्याला तो आधीच समजलेला बरा. यूएसए फेन्सिंग या राष्ट्रीय संघटनेत प्रत्येक खेळाडूला प्रत्येक शस्त्रात एक दर्जा असतो: वरून खाली ए, बी, सी, डी, ई, आणि ज्याला अजून काहीच मिळालेले नाही तो यू. हा दर्जा स्पर्धेत वरचा क्रमांक मिळवूनच कमवावा लागतो. पण एखाद्या स्पर्धेत कोणता दर्जा मिळू शकतो हे तिथे किती खेळाडू आले, त्यांत वरच्या दर्जाचे किती होते आणि त्यांपैकी किती जण शेवटच्या आठांपर्यंत पोहोचले यावर ठरते. साहजिकच ज्या स्पर्धेला ए आणि बी दर्जाचे चार-सहा खेळाडू येणार आहेत असे नोंदणीच्या यादीत दिसते, तिथे सी, डी आणि ई दर्जाच्या खेळाडूंची रांग लागते, कारण तिथेच आपला दर्जा उंचावण्याची संधी असते. ए दर्जाच्या खेळाडूला मात्र स्थानिक स्पर्धेत मिळवण्यासारखे फारसे काही नसते. त्याने शनिवारी घरी का बसू नये, याचे उत्तर म्हणजे ते ३०० डॉलरचे पाकीट. थोडक्यात, रोख बक्षीस हे वरच्या खेळाडूंना आणण्यासाठी लावलेले आमिष असते, आणि त्याची किंमत दर्जा शोधणारे मधल्या फळीतले खेळाडू आनंदाने मोजतात. आपण तिथे नव्याने खेळू लागाल तेव्हा बहुधा या दुसऱ्या गटात असाल. त्यात वाईट काही नाही. फक्त आपण पाकिटासाठी नव्हे तर अक्षरासाठी शुल्क भरत आहोत, हे लक्षात असू द्यावे.

जाहिरात वाचतानाही काही गोष्टी तपासाव्यात. ठळक अक्षरांतल्या रकमेखाली बारीक अक्षरांत ती ठरावीक प्रवेशसंख्येवर अवलंबून आहे असे लिहिलेले असते; ४० ऐवजी १८ जण आले तर रक्कमही त्या प्रमाणात घटते. ‘एकूण बक्षीस’ असे म्हटले असेल तर ते एका शस्त्राचे की फॉइल, ईपी आणि सेबर तिन्हींचे मिळून, हे पाहावे. स्त्री-पुरुषांची एकत्र खुली स्पर्धा असेल तर स्त्रियांसाठी वेगळी रक्कम आहे की नाही, हेही विचारण्यासारखे आहे, कारण बऱ्याच ठिकाणी ती नंतर आठवल्यासारखी जोडलेली असते आणि मला ते पटत नाही. बक्षीस रोख, धनादेश की कूपन, हे तर आधीच विचारून घ्यावे.

पैसे लागले की खेळ बदलतो का, असेही आपण ओझरते विचारले आहे. पूलमधल्या, म्हणजे सुरुवातीच्या गटफेरीतल्या, पाच गुणांच्या बाउटींमध्ये काहीच फरक जाणवत नाही. पंधरा गुणांच्या बाद फेरीत, विशेषतः ईपीमध्ये, जाणवतो. ईपीत दोघांचे टच (टोकाचे स्पर्श) एका सेकंदाच्या सुमारे पंचविसाव्या भागाच्या आत लागले तर दोघांनाही गुण मिळतो, हे आपल्याला ठाऊकच आहे. त्यामुळे १३–११ अशी आघाडी असलेला अनुभवी खेळाडू नवा टच शोधत बसत नाही. तो समोरच्याला हल्ला करू देतो आणि बरोबर त्याच क्षणी हात लांबवून गुणफलकावरचे दोन्ही दिवे लावतो. १४–१२ होते, आणि आणखी एका दुहेरी टचने बाउट संपते. १४–१४ झाले की मात्र हा मार्ग बंद होतो, कारण तिथे दुहेरी टच धरला जात नाही. उपान्त्य फेरीत दोन वरच्या दर्जाचे खेळाडू असे १४–१४ वर उभे राहिले की १४ मीटरच्या पिस्टवर (लढतीच्या पट्टीवर) पुढचा पाय अर्धा वीत पुढे, अर्धा वीत मागे, एवढेच चाललेले असते, दोघांची टोके समोरच्याच्या मनगटाभोवती घोटाळत असतात आणि बाकीचे सारे सभागृह आपापले बोलणे थांबवून त्या एका पिस्टकडे पाहू लागते. पंच्याहत्तर आणि दीडशे डॉलरमधला फरक तेव्हा कोणाच्या डोक्यात असतो असे मला वाटत नाही. पण आघाडी सांभाळून खेळण्याची वृत्ती रोख स्पर्धेत थोडी अधिक दिसते, एवढे खरे.

या खेळाला पैशाचे वावडे होते असे मात्र समजू नये. १८९६ च्या अथेन्स ऑलिम्पिकमध्ये बाकी खेळ हौशी खेळाडूंपुरते मर्यादित असताना तलवारबाजीच्या व्यावसायिक गुरूंसाठी फॉइलची स्वतंत्र स्पर्धा ठेवली होती आणि ती लिओन पिर्गोस याने जिंकली; आधुनिक ऑलिम्पिकमधला तो पहिला ग्रीक विजेता. १९०० च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये गुरू आणि हौशी खेळाडू एकत्र खेळलेल्या ईपी स्पर्धेत फ्रान्सचा अल्बेर आयात पहिला आला आणि त्याला ३,००० फ्रँकचे रोख बक्षीस मिळाले. पुढे हौशीपणाचे नियम कडक झाले आणि ही वाट बंद झाली.

आता आपल्या बाबतीतला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा, आणि तो क्रीडेचा नाही. आपण विद्यार्थी व्हिसावर असाल, आणि त्या व्हिसावर परवानगीशिवाय काम करता येत नाही. स्पर्धेतले बक्षीस कामाच्या व्याख्येत येते की नाही याचा निर्णय आपण, मी किंवा क्लबमधल्या कोणी परस्पर घेऊ नये; विद्यापीठातील आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांच्या कार्यालयाला ईमेलने विचारावे आणि उत्तर जपून ठेवावे. त्याहून जास्त धोका शनिवारी मानधन घेऊन रेफरी होण्यात किंवा मुलांना शिकवण्यात आहे, कारण ते तर उघड उघड काम आहे. इथले बरेच खेळाडू आपला खर्च त्यातूनच काढतात आणि नव्या माणसालाही सहज सुचवतात. सुचवणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण तो बहुतेकदा नागरिक असतो आणि आपण नसता. शिवाय परदेशी विद्यार्थ्याच्या बक्षिसातून साधारणपणे ३० टक्के कर कापला जाणे अपेक्षित असते. आणि आपल्या विद्यापीठाचा संघ एनसीएएमध्ये (अमेरिकेतल्या महाविद्यालयीन क्रीडा संघटनेत) खेळत असेल व त्यात शिरण्याचा आपला विचार असेल, तर बक्षिसाच्या रकमेबाबत त्यांचे स्वतंत्र नियम आहेत. एकही डॉलर स्वीकारण्यापूर्वी तिथल्या नियमपालन कार्यालयाशी बोलावे.

तलवारबाजीतला मोठा पैसा स्पर्धेच्या आयोजकाकडून नव्हे, तर पदकानंतर सरकारकडून किंवा ऑलिम्पिक समितीकडून येतो. हाँगकाँगच्या चेउंग का लाँग याने टोकियो आणि पॅरिस अशा लागोपाठ दोन ऑलिम्पिकमध्ये फॉइलचे सुवर्ण जिंकले; तिथल्या प्रोत्साहन योजनेतून त्याला पहिल्या वेळी ५० लाख आणि दुसऱ्या वेळी ६० लाख हाँगकाँग डॉलर मिळाले. अमेरिकेत ऑलिम्पिक सुवर्णाला ३७,५०० डॉलर मिळतात. आपल्याकडे केंद्राच्या योजनेत ऑलिम्पिक सुवर्णाला ७५ लाख, रौप्याला ५० लाख आणि कांस्याला ३० लाख रुपये आहेत. महाराष्ट्राने अलीकडे राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेतील वैयक्तिक सुवर्णाला ७ लाख, रौप्याला ५ लाख व कांस्याला ३ लाख दिले आहेत, आणि शासकीय नोकरीतील ५ टक्के आरक्षण वेगळेच. छत्रपती संभाजीनगरच्या ‘साई’ (भारतीय क्रीडा प्राधिकरण) केंद्रात घाम गाळणाऱ्या मुलामुलींच्या घरी खेळाचे गणित ज्या आकड्यांवर मांडले जाते ते हे आहेत. शनिवारच्या पाकिटाचे नाहीत. भवानी देवी हिचेच पाहा. सुरुवातीला विजेवर चालणारी महागडी शस्त्रे परवडत नसल्याने तिने बांबूच्या काठ्यांनी सराव केला, टोकियोला जाणारी ती पहिली भारतीय तलवारबाज ठरली, आणि २०२३ मध्ये चीनमधील वूशी येथे जपानच्या विश्वविजेत्या मिसाकी एमुरा हिला १५–१० असे हरवून तिने आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत भारताचे पहिले पदक मिळवले. तिचा तो प्रवास शिष्यवृत्त्या, राज्य सरकारची मदत आणि क्रीडा प्रतिष्ठानांचे पाठबळ यांवर झाला.

तेव्हा आपल्याला माझा सल्ला असा. विद्यापीठ ठरले की तिथे तलवारबाजीचा विद्यार्थी क्लब आहे का ते आधी पाहावे. हे क्लब संघ एनसीएएच्या बाहेर आपसांत सामने खेळतात, त्यांची स्वतःची राष्ट्रीय स्पर्धाही असते, आणि अनेक ठिकाणी प्रवास, प्रवेश शुल्क व थोडेफार साहित्य विद्यार्थी निधीतून मिळते. वर्षाअखेरीस हिशेब केला तर ही मदत बहुतेक रोख बक्षिसांपेक्षा जास्त भरते आणि त्यात व्हिसाची भानगड नाही. मास्क आणि जॅकेट भारतातून आणणार असाल तर त्यांवरची सुरक्षेची खूण तिथल्या नियमांत बसते का ते क्लबच्या प्रशिक्षकाला छायाचित्र पाठवून विचारावे. तपासणीच्या टेबलावर मास्क नाकारला गेला तर त्याच दिवशी नवा घ्यावा लागतो, आणि सभागृहातल्या दुकानात तो स्वस्त नसतो. दोन चालू ईपी आणि दोन बॉडी कॉर्ड (शस्त्राला गुणयंत्राशी जोडणाऱ्या तारा) मात्र भारतातूनच आणाव्यात.

पहिल्या सत्रात घरापासून तासाभराच्या अंतरावरच्या, कमी शुल्काच्या आणि नोंदणी यादीत चांगले खेळाडू दिसणाऱ्या खुल्या स्पर्धा निवडाव्यात. त्यांतल्या एखादीला रोख बक्षीस असेल तर असू द्यावे. नोंदणीची मुदत संपण्याच्या आदल्या दिवशी यादी उघडून ए आणि बी किती आहेत ते मोजावे आणि मगच शुल्क भरावे, कारण मुदतीनंतर बहुतेक ठिकाणी दुप्पट शुल्क घेतात.