इंदूरचे १८ लाख की म्युनिकचे ६० हजार युरो? महिन्याअखेरीस हातात काय उरतं

तुझा प्रश्न थोडक्यात असा, की इंदूरच्या सुपर कॉरिडॉरवरच्या (आयटी कंपन्यांच्या भागातल्या) नोकरीत वर्षाला १८ लाख मिळतायत, म्युनिकहून ६० हजार युरोची ऑफर आलीय, बायको आणि चार वर्षांची मुलगी बरोबर येणार, आणि "दादा, तिकडे अर्धा पगार टॅक्समध्ये जातो हे खरं का?" अर्धा नाही जात रे. पण युरोला शंभरने गुणून साठ लाख झाले म्हणून घरात कोणी पेढे आणायला निघालं असेल तर त्यांना आधी थांबव.

पहिले इंदूरचा हिशोब. २०२५-२६ च्या न्यू रिजीममध्ये (इन्कम टॅक्सच्या नव्या पद्धतीत) १८ लाखांतून ७५ हजार स्टँडर्ड डिडक्शन गेलं, राहिले सव्वासतरा, त्यावर स्लॅब लावून आणि ४ टक्के सेस धरून टॅक्स होतो दीड लाखाच्या आसपास. म्हणजे साडेआठ टक्केसुद्धा नाही. पीएफ वेगळा, पण तो तुझाच.

आता जर्मनी, २०२५ चे रेट धरून. तिथे पगारातून दोन वेगळ्या गोष्टी कापतात आणि लोक दोन्हीला "टॅक्स" म्हणतात, सगळा गोंधळ तिथूनच सुरू होतो. एक खरा इन्कम टॅक्स, त्यात पहिले १२,०९६ युरो मोकळे आणि मग दर हळूहळू ४२ टक्क्यांपर्यंत चढत जातो. दुसरं सोशल इन्शुरन्स, तुझ्या वाट्याचं पेन्शन ९.३ टक्के, बेकारी विमा १.३, हेल्थ साधारण साडेआठ, आणि म्हातारपणच्या सेवेचा विमा एक मूल असेल तर १.८, जवळपास तेवढंच कंपनी वरून भरते. एकटा माणूस टॅक्स क्लास १ मध्ये असेल तर ६० हजारांतून महिन्याला ३,१०० च्या आसपास हातात येतात. तू लग्न झालेला, बायको सध्या घरी, म्हणून क्लास ३ घे, मग साधारण ३,५०० येतील आणि मुलीचे किंडरगेल्ड (मुलांसाठीचा सरकारी भत्ता) २५५ वेगळे, ते सरकार थेट खात्यात टाकतं. म्हणजे कापले जातात तिसऱ्या भागापेक्षा थोडे कमी.

आणि त्या कापलेल्या पैशात काय आलं तेही बघ. हेल्थ इन्शुरन्समध्ये बायको आणि मुलगी एक युरो जास्त न देता येतात. तू आजारी पडलास तर सहा आठवडे पूर्ण पगार, त्यानंतर इन्शुरन्सवाले देतात. इंदूरला कुणाला अ‍ॅडमिट करायची वेळ आली की काउंटरवर पहिले किती जमा करा म्हणतात ते तुला माहीतच आहे, ते टेन्शन इथे जर्मनीत नाही. स्पेशालिस्टची अपॉइंटमेंट मात्र कधीकधी दोन महिन्यांनी मिळते, तेव्हा राग येतो, येऊ दे.

टॅक्सवर सगळे चर्चा करतात, खरा खड्डा भाड्याचा. म्युनिक जर्मनीतल्या सगळ्यात महाग शहरांत मोडतं. तिथे "तीन रूम" म्हणजे हॉल धरून तीन, आपला टू बीएचके, आणि तो सगळ्या खर्चासकट १,८०० ते २,००० च्या खाली सहजी मिळत नाही. जाहिरातीत काल्टमीटे (नुसतं भाडं) लिहिलेलं असतं, त्यात हीटिंग-पाणी नसतं, तू वार्ममीटेच (हीटिंग-पाण्यासकटचं भाडं) विचार. वीज बहुतेक वेळा त्याच्याही बाहेर, युनिटला ३५-४० सेंट. कित्येक घरांत किचनच नसतं, म्हणजे ओटा-सिंक-शेगडी काहीच नाही, आधीचा भाडेकरू उचलून घेऊन जातो! डिपॉझिट जास्तीत जास्त तीन महिन्यांचं काल्टमीटे, पण कायद्याने ते तीन हप्त्यांत देता येतं, हे घरमालक आपणहून सांगत नाही.

मग हिशोब कर, ३,७५० आले, १,९०० भाड्यात गेले. किराणा ५०० (डाळ-तांदूळ-पीठ सगळं मिळतं, जीरावण, आपला पोह्यांवरचा मसाला, तेवढं घरून आण), दोघांची डॉइचलांटिकेट्स (देशभरच्या लोकल बस-ट्रेनचे महिन्याचे पास), वीज, इंटरनेट, घरामागे १८.३६ ची रेडिओ-टीव्ही फी जी टीव्ही नसला तरी द्यावीच लागते, मुलीचं किंडरगार्टन. ओढूनताणून सहा-सातशे उरतील. इंदूरला सुदामा नगरमध्ये तुमचं स्वतःचं घर आहे, भाडं शून्य, आई मुलीला बघते, धुणंभांडी-स्वयंपाकाला बाई येते, तिथे तू १८ लाखांत महिन्याला ह्याच्यापेक्षा जास्तच बाजूला टाकत असशील. इंदूर स्वस्त आहेच, पण तुझं इंदूर घरच्यांमुळे आणखी स्वस्त आहे आणि ही सबसिडी विमानात बरोबर येत नाही. तुलनेच्या वेबसाइटवर हे कुठेच नसतं.

म्हणून माझं स्पष्ट मत, एका पगारावर म्युनिक फक्त बचतीसाठी असेल तर नको येऊस. हीच ऑफर न्यूर्नबर्ग किंवा लाइपझिगला असती तर मी लगेच हो म्हटलं असतं, भाड्यातच महिन्याला पाच-सहाशेचा फरक पडतो. आणि वहिनी काम करणार असतील तर गणितच बदलतं. ब्लू कार्डवर (उच्चशिक्षितांच्या नोकरीच्या परवान्यावर) आलास तर त्यांना पहिल्या दिवसापासून नोकरीची परवानगी असते. मिनीजॉबवर (छोटी अर्धवेळ नोकरी, २०२५ मध्ये मर्यादा महिन्याला ५५६ युरो होती) त्यांच्या हातातून जवळजवळ काही कापत नाहीत, तुझ्या इन्शुरन्समध्येही राहतात. पण त्याआधी किंडरगार्टनची जागा मिळायला हवी, ती वेटिंग लिस्ट ही इथल्या प्रत्येक देशी ग्रुपची रोजची रडकथा आहे. आल्या दिवशी नाही, व्हिसा लागल्या दिवशी नाव टाक.

पहिल्या वर्षी टॅक्स रिटर्न नक्की भर. वर्षाच्या मध्ये आलास तर कंपनी जास्तच कापून बसते, शिवाय नोकरीसाठी शिफ्ट होण्याचा खर्च दाखवता येतो, बरेच पैसे परत येतात. तिकिटं, कार्गो, सगळ्याच्या पावत्या ठेव.

एक गोष्ट एजंट लोक हमखास चुकीची सांगतात. एनआरई खात्याचं (एनआरआयने परदेशातली कमाई भारतात ठेवायचं खातं) व्याज भारतात टॅक्स-फ्री आहे, जर्मनीत नाही! तिथला रहिवासी झालास की जगभरचं उत्पन्न तिथे दाखवायचं, एफडी, पीपीएफ सगळं. व्याजावर २५ टक्के आणि थोडा सरचार्ज, एका माणसाला वर्षाला १,००० युरोपर्यंत सूट, नवरा-बायको मिळून २,०००. बाबांनी तुझ्या नावावर एफडी केल्या असतील तर निघण्याआधीच बसून बघा कुठली कोणाच्या नावावर ठेवायची. सेव्हिंग खातं एनआरओ (एनआरआयच्या भारतातल्या उत्पन्नाचं खातं) करून घे. पीपीएफ आधीचा असेल तर मुदतीपर्यंत चालू ठेवता येतो, एनआरआय झाल्यावर नवीन उघडता येत नाही.

आणि निघायची तारीख. नोकरीसाठी बाहेर जाणारा त्या एप्रिल-मार्च वर्षात १८२ दिवसांपेक्षा कमी भारतात राहिला तर एनआरआय धरतात, म्हणजे जर्मन पगारावर भारतात काही लागत नाही. कंपनी ऑक्टोबर म्हणत असेल तर सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात बसता येतं का विचार, नाहीतर दोन्हीकडे फॉर्म भरून डबल टॅक्सचं क्रेडिट मागत बसावं लागतं, सीएची फी वेगळी. ऑफर लेटरमध्ये रिलोकेशनचे पैसे लिहिलेत का, आणि ६० मध्ये बोनस धरलाय की वरून आहे, एवढं बघून कळव, मग वाटाघाटीत किती मागायचं ते सांगतो.