दहावीच्या पोरांना जीवनकौशल्यं शिकवायला घेताना

सर, जागतिक आरोग्य संघटनेची ती दहा कौशल्यं (निर्णय घेणं, ताण हाताळणं वगैरे) फळ्यावर लिहून देऊ नका. पोरं वहीत उतरवून घेतात आणि विषय तिथंच संपतो. एका तासाला एकच प्रसंग घ्या. पाच-सहा जणांचे गट, दहा मिनिटं सराव, उरलेला वेळ चर्चेला. समजा फोन आला, "पैसे पाठवलेत, पिन टाका." पैसे घ्यायला यूपीआय पिन लागतच नाही, हे पोरांच्याच तोंडून आलं पाहिजे. कुणी फसलंच तर लगेच 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन.

पण आधी स्वतः करून बघा. बँकेची स्लिप भरताना शिक्षकच अडखळला, तर पोरांना ते लगेच कळतं.

बीड भागातल्या, ऊसतोडीला बाहेर जाणाऱ्या घरांतली मुलं दिवाळीच्या सुमारास वर्गातून गळायला लागतात. म्हणून उत्पन्नाचा, जातीचा दाखला कसा काढायचा हे जून-जुलैतच घ्या. आधार, शाळेचं रजिस्टर आणि दाखला यांतलं नाव अक्षर न् अक्षर ताडून बघायला लावा. अर्ज बऱ्याचदा तिथंच अडकतात.

लग्नाच्या दडपणाबद्दल मुलींशी बोलायला वेगळा तास ठेवा, तो मॅडमनीच घ्यावा. 1098 हा अडचणीतल्या मुलांच्या हेल्पलाइनचा नंबर मात्र सगळ्यांकडून पाठ करून घ्या, मुलांकडूनही.