चौथ्या मिनिटाला सगळ्यांचे मोबाईल निघाले…

तुझं पत्र दोनदा वाचलं. बॅटरीवरचं पंधरा मिनिटांचं सेमिनार प्रेझेंटेशन, सगळं पाठ, आणि तरी चौथ्या मिनिटाला मागच्या रांगांत मोबाईल निघाले, तुझा आवाज कापायला लागला, आणि आता तू विचारतेस की ट्रेनिंग फील्डमध्ये जायचा विचार सोडून देऊ का, "माझ्यात ते नाहीच". नको गं सोडूस, एवढ्यावरून तर अजिबात नको.

तुला वाटतंय की तू घाबरलीस ते लोकांना दिसलं म्हणून त्यांचं लक्ष उडालं. पण आतली धडधड आपल्याला वाटते तेवढी समोरच्याला दिसत नाही. सॅवित्स्की आणि गिलोविच या मानसशास्त्रज्ञांनी 2003 मध्ये हे तपासलंय, आणि भाषणाआधी नुसतं एवढं सांगितलं तरी त्या लोकांची भाषणं सुधारली!

मग बिनसलं कुठे? तूच लिहिलंयस, पहिल्या तीन स्लाइड व्याख्यांच्या होत्या आणि त्या तू वाचून दाखवल्यास. अगं, बोलताना आपण मिनिटाला साधारण 130 ते 150 शब्द बोलतो, मनात वाचायचा स्पीड त्याहून बराच जास्त असतो, म्हणजे तू दुसऱ्या ओळीवर असतेस तोवर त्यांची अख्खी स्लाइड वाचून झालेली असते, मग ते मोबाईल काढणार नाहीतर काय करणार.

व्याख्या मागे ढकल. आधी विचार, "कोणाकोणाच्या फोनची बॅटरी घेतला तेव्हापेक्षा लवकर उतरते? हात वर करा." आणि थांब. मनात सावकाश तीन आकडे मोज. उभं राहून ते तीन सेकंद फार मोठे वाटतात, माहितीये मला, पण तेवढ्यातच लोक आपापला फोन आठवत असतात, आणि तू लगेच पुढे पळालीस तर त्यांना कळतं की हिला उत्तर नकोच होतं. हात वर आले की मग सांग बॅटरी का उतरते ते, आता त्यांनाही ते ऐकायचं असतं.

नजरेचं म्हणशील तर, मागच्या भिंतीकडे बघून बोल हा सल्ला मला कधीच पटला नाही. एक वाक्य एका माणसाकडे बघून पूर्ण कर, मग दुसऱ्याकडे वळ. महत्त्वाचं काही सांगायचं असेल तेव्हा पॉवरपॉइंटच्या स्लाइड शोमध्ये 'बी' बटण दाब, स्क्रीन काळी होते आणि सगळे आपोआप तुझ्याकडे बघतात. पाठांतर फक्त पहिल्या आणि शेवटच्या वाक्याचं, मधले नुसते मुद्दे लक्षात ठेव, कारण पाठ केलेलं एक वाक्य निसटलं की पुढचं सगळंच निसटतं.

आणि एक, लोकांचं लक्ष नेमकं चौथ्या मिनिटाला उडालं हे तुला कळलं, म्हणजे घाबरलेली असूनही तू त्यांच्याकडे बघत होतीस. ट्रेनरला हेच लागतं गं, कितीतरी जणांना ते वर्षानुवर्षं जमत नाही.

आता घरी फोनचा कॅमेरा लावून पहिली पाच मिनिटं रेकॉर्ड कर, मग आवाज बंद करून बघ आणि स्क्रीनकडे किती वेळा वळलीस ते मोज. तो आकडा मला कळव, मग पुढचं बोलू.