टीम खाली गेल्यावर

अरे, फुटबॉल टीम रेलिगेट झाली, म्हणजे खालच्या लीगमध्ये ढकलली गेली, म्हणून जर्सी माळ्यावर टाकू नकोस. आम्ही इंग्लंडच्या संडरलंड क्लबवाले. २०१६ला शेजारचं, हाडवैरी न्यूकॅसल खाली गेलं तेव्हा पोट धरून हसलो. पुढच्याच वर्षी आमचा नंबर लागला, २०१८ला आणखी एक पायरी खाली. लागोपाठ सहा डर्बी, म्हणजे न्यूकॅसलविरुद्धच्या मॅच, जिंकल्याचा माज कुठल्या कुठे गेला!

खाली गेल्यावर लीगच्या मॅच ३८ नाहीत, ४६. मंगळवारची मॅच आपल्याकडे मध्यरात्रीनंतर. फोनवर स्कोअर रिफ्रेश करत बसायचं. त्याची सवय होते. बोचतं ते दुसरंच. माझा न्यूकॅसलवाला मित्र चिडवायचाच थांबला, म्हणजे आम्ही त्याही लायकीचे उरलो नव्हतो! २०२२ला लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर विकम क्लबला २-० हरवून एक पायरी चढलो, तेव्हा पहिला मेसेज त्याचाच: “डर्बीला अजून वेळ आहे, झोप.”