पुणे ते भुसावळ, एकही शब्द नाही

प्रश्न : मुलगा अकरावी सायन्सला आहे. दहावीला ८६ टक्के. बुद्धिबळ खेळतो, फिडे या जागतिक संघटनेचं रेटिंग १७२०. केळीच्या पैशातून तीन वर्षं क्लास आणि स्पर्धा केल्या. अठरापर्यंत ग्रँडमास्टर नाही झाला तर पट बंद, फक्त जेईई, असं मी त्याला सांगून ठेवलंय. पुण्यात हरला तेव्हा भुसावळ येईपर्यंत बोललो नाही, त्याला लागावं म्हणून. आता रात्री कॉम्प्युटरला विचारून पत्रव्यवहाराचं बुद्धिबळ खेळताना सापडला. चोरीच ना ही? नेट बंद केलंय. त्याला मार्गावर कसं आणू?
– एक पालक, यावल तालुका

उत्तर : भाऊ, टक्के आणि रेटिंग राहू द्या. माझं मन त्या गाडीत अडकलंय. हरलेल्या मुलाला लागलेलंच असतं हो. चुकलेली खेळी त्याच्या डोक्यात मनमाड येईपर्यंत शंभरदा होऊन गेली असेल. अशा वेळी 'जेवलास का?' एवढं विचारणारं कोणी हवं असतं. तुमच्या गप्प बसण्यातून तो एवढंच शिकला, की जिंकलो तर बाप बोलतो. असा मुलगा पटावर जिंकायला बसत नाही, हरू नये म्हणून बसतो. आणि मग रात्री असा खेळ शोधतो, जिथे निकाल बघायला बाप मागे उभा नसतो.

अठरा वर्षांची अट तर आजच मागे घ्या. ग्रँडमास्टर व्हायला २५०० रेटिंग आणि तीन नॉर्म, म्हणजे स्पर्धांत ठरलेल्या दर्जाची कामगिरी, लागतात. विश्वनाथन आनंद १९८८ मध्ये भारताचे पहिले ग्रँडमास्टर झाले. नागपूरची दिव्या देशमुख जुलै २०२५ मध्ये ८८वी. सदतीस वर्षांत अठ्ठ्याऐंशी. १७२० वरून दोन वर्षांत तिथे पोचवतो म्हणणारा कोणी भेटला असेल, तर त्याची फी बंद करा.

आता चोरीचं. समोरासमोरच्या डावात किंवा मोबाइलवरच्या झटपट डावात इंजिन, म्हणजे खेळी सुचवणारा कॉम्प्युटर प्रोग्रॅम, वापरलं तर ती फसवणूकच, बंदी येते. पण पत्रव्यवहाराच्या बुद्धिबळाची आंतरराष्ट्रीय संघटना वेगळी, १९५१ पासूनची, आणि तिच्या नियमांत इंजिनला परवानगी आहे. पूर्वी खेळ्या पोस्टकार्डावर जात, आता सर्व्हरवर. दहा खेळ्यांना पन्नास दिवस ही तिथली रुळलेली वेळ. एक डाव वर्षभरही चालतो. यंत्र दोघांकडेही असतं, म्हणून वरच्या पातळीवर बहुतेक डाव बरोबरीत सुटतात. जिंकायचं तर यंत्राचा अंदाज कुठे चुकतोय ते दिवसेंदिवस शोधत बसावं लागतं. तुमचा मुलगा या नियमांनी खेळत असेल, तर तो चोरी करत नव्हता, अभ्यास करत होता.

मात्र त्यावर पोट भरत नाही, हेही त्याला सांगा. तिथले मास्टर, ग्रँडमास्टर हे किताब फिडेच्या किताबांपेक्षा वेगळे, रेटिंगही वेगळं. जगण्यापुरती बक्षिसं नाहीत. समोरासमोर खेळणाऱ्यांपैकीही बहुतेकांचं घर शिकवण्यावर चालतं.

हान्स बर्लिनर १९६५ ते १९६८ या खेळाचे जगज्जेते होते. पुढे ते कार्नेगी मेलन विद्यापीठात संगणकशास्त्राचे संशोधक झाले, हायटेक नावाचं बुद्धिबळ खेळणारं यंत्र त्यांच्याच पुढाकारातून घडलं. तुमचा मुलगा बर्लिनर होईल असं मी म्हणत नाही. पण यंत्राच्या उत्तरावर शंका घेत तासन्‌तास बसणारा सोळा वर्षांचा मुलगा मला गणित किंवा संगणकाकडे जाताना दिसतो, आणि तुम्ही जेईईला शिक्षा करून ठेवलंय. त्यालाच विचारा. जेईई, सीईटी, गणितात बीएस्सी, सगळं खुलं आहे. सरकारी नोकरीत ५ टक्के क्रीडा आरक्षण आहे, पण कोणत्या स्पर्धा धरतात ते शासन निर्णयात आधी वाचा.

आणि नेट आज रात्रीच चालू करा. त्याचे डाव अर्धवट आहेत, त्याचं घड्याळ चालूच आहे. चालू केल्यावर शेजारी बसा आणि एक डाव तुम्हाला समजावून सांगायला लावा.